लेक यायच्या आत

“हात काढ,” आई म्हणाली.

लेकीने हात काढला. स्टुलावर कोमट पाण्याचा टब होता, टबाच्या कडेवर घडी घातलेले मऊ रुमाल, शेजारी साबण, सुका टॉवेल, धुतलेला गाऊन. सगळं जिथल्या तिथं. फक्त जिच्यासाठी ही मांडामांड केली होती, ती गळ्यापाशी गाऊन मुठीत आवळून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“पाणी गार होतंय, आई.”

“होऊ दे. मी काही चिखलात लोळून आलेली नाही.”

लोळण्याचं सोडाच, खुब्याचं हाड मोडल्यापासून आई पलंगाखाली उतरली नव्हती. ऑपरेशन झालं, हाड सांधलं, पण कमरेखालच्या अंगाने तिच्याशी जो अबोला धरला तो धरलाच. तरी शौचाचं भांडं ती स्वतःच सरकवून घ्यायची. एका हाताने पलंगाची दांडी धरायची, दात-ओठ खायची, घामाघूम व्हायची, पण लेकीला बोट लावू द्यायची नाही. लेकीने भांडं उचलायचं ते झाकण ठेवून, आणि तेही आईची मान भिंतीकडे वळल्यावर.

आणि लेक कोण, तर नर्स. मोठ्या दवाखान्यात लोकांची अंगं पुसता पुसता तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. म्हाताऱ्या, बाळंतिणी, अपघातात चेंदामेंदा झालेले, शुद्धीवर असलेले आणि नसलेले. कुणाची काख, कुणाची जांघ, कुणाच्या बोटांच्या बेचक्या. माणसाच्या अंगावरच्या सगळ्या वाटा तिच्या हातांना पाठ होत्या. मनगटाच्या आतल्या बाजूने पाणी पाहिल्याशिवाय ती रुमाल बुडवत नसे. जरा गार वाटलं की टब परत पाठवी. म्हणून वॉर्डात तिच्या पाठीमागे सगळे तिला कोमटबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, पण राग येत नसे. हल्ली तिला फारसं काही येतच नसे, ना राग, ना रडू.

घरात मात्र दिव्याखाली अंधार. घर म्हणजे दोन खोल्या आणि त्यात या दोघीच. लेकीने लग्न केलं नव्हतं, बाप जाऊन जमाना झाला होता. ती ड्युटीवर असली की शेजारच्या काकू येऊन आईपाशी बसायच्या. धाकटा भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, सुट्टीच्या दिवशी यायचा. त्याने मध्यंतरी अंग पुसायला एक बाई ठरवून दिली होती. गंमत अशी, की त्या परक्या बाईपुढे आईने निमूट गाऊन सोडला. बाईचा हात चलाख होता. तोंड पुसलेल्या पाण्यानेच ती पाय पुसायची, पाय पुसलेल्या पाण्याने पाठ. ओलसर अंगावरच गाऊन चढवायची आणि झालं म्हणायची. लेकीने एकदा दारातून सांगून पाहिलं, की बाई, मधे पाणी बदला. बाई म्हणाली, एवढं कळतं तर तुम्हीच का नाही पुसत? पुढे बाईला तिच्या घराजवळ काम मिळालं आणि ती यायची थांबली.

मग एका दुपारी, आई औषधाच्या गुंगीत असताना, लेकीने हलकेच तिची कूस वळवली आणि माकडहाडावरचा डाग पाहिला. लाल, अंगठ्याएवढा. बोटाने दाबून पाहिलं. दाबल्यावर कातडी पांढुरकी व्हायला हवी, मग पुन्हा तिच्यात रंग भरायला हवा. ही लालची लालच राहिली. म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची आतून सुरुवात झाली होती, वरून फुटायचं तेवढं बाकी होतं. फुटलं की काय होतं ते तिने वॉर्डात पाहिलेलं होतं. माणूस बोलत असतो, पाणी मागत असतो, आणि पाठीला हाड दिसत असतं.

तिने भावाला फोन केला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, की ताई, तू नर्स असून तुझ्याच्याने होत नाही, तर तिला शुश्रूषागृहात ठेवू. तिथं सगळी परकी माणसं, आणि आईला परकीच हवीत. डाग फुटला तर मी गाडी घेऊन येतो. हे आईच्या कानावर गेलं तेव्हा तिने सांगून टाकलं, की न्यायचं तर उचलून न्या, मी माझ्या पायांनी जाणार नाही. मग चादरीखालच्या त्या पायांकडे पाहून तिचं तिलाच हसू आलं.

म्हणजे सगळं त्या अंगठ्याएवढ्या डागावर येऊन ठेपलं होतं. अंग रोज स्वच्छ झालं, कोरडं राहिलं, कूस बदलत राहिली, तर आई या घरात राहणार होती. नाहीतर नाही. आणि आईची मूठ काही गळ्यापासून सुटत नव्हती.

पुढच्याच एका दिवशी वॉर्डात सकाळी एक आजोबा गेले. नळ्या काढून त्यांचं शेवटचं अंग पुसायचं काम तिच्याकडे आलं. तिने नेहमीसारखं मनगटावर पाणी पाहिलं, आणि नेहमीसारखंच सांगत गेली, आजोबा, डावा हात उचलते हं, आता कूस बदलते हं. मदतीला असलेल्या वॉर्डातल्या मावशीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. मेलेल्याला आणि जित्याला तिचं सांगणं एकच होतं. त्यात माया किती आणि सवय किती, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. पलंगावर नवी चादर पडली, दुसरा पेशंट आला. त्याचंही अंग पुसलं. मग शेजारच्याचं. ड्युटी संपली तशी कपडेही न बदलता ती घरी आली. काकू उठून गेल्या. तिने हात धुतले, पाणी तापवलं, गार पाण्याचं विसण घातलं, मनगटावर पाहिलं आणि टब घेऊन आत गेली. आत फक्त तिचे पाय गेले होते. ती अजून वॉर्डातच होती.

“आजी, चला, आवरून घेऊ,” ती म्हणाली. “आधी डोळे पुसते हं. पाणी कोमट आहे.”

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. वॉर्डातली प्रत्येक म्हातारी आजी असते. नाव विसरलं तरी चालतं, आजी म्हटलं की काम होतं. पण ही वॉर्डातली नव्हती. पिळलेला रुमाल तिच्या हातात तसाच राहिला.

आईने भिंतीकडून तोंड वळवलं. बराच वेळ ती पाहत राहिली, त्या पांढऱ्या कपड्यांकडे, छातीवर टाचलेल्या घड्याळाकडे, त्याच्यावरच्या चेहऱ्याकडे. मग गळ्यापाशी आवळलेली मूठ सैल झाली. झोप लागलेलं मूल हातातलं खेळणं सोडतं, तसं एकेक बोट सुटत गेलं.

“सिस्टर,” आई म्हणाली, “रुमाल नीट पिळा हं. माझ्या कानात पाणी जातं.”

तिने रुमाल पुन्हा पिळला.

डोळे, आतल्या कोपऱ्याकडून बाहेर. कपाळ, गाल, कानामागची खाच, मान. चादर गळ्यापर्यंत, आणि चादरीखालून एकेक भाग बाहेर. जेवढं पुसायचं तेवढंच उघडं, पुसून, टिपून, पुन्हा झाकलेलं. हात बोटांकडून खांद्याकडे. काख. छातीखालच्या घड्या, जिथे घाम साचून कातडी हुळहुळी होते. याच अंगाने तिला नऊ महिने वागवलं होतं, याच छातीने पाजलं होतं, आणि ती ते जाणत्या वयात पहिल्यांदा पाहत होती. हे तिला कळलं, पण लांबून; भिंतीपलीकडे कुणी बोलत असावं तसं. हात चालत राहिले. पाणी बदललं. पोट, पाय, टाचा. पुन्हा पाणी बदललं. मग धुतलेला रुमाल तिने आईच्या हातात दिला, म्हणाली, आजी, खालचं हात पोचेल तेवढं तुमचं तुम्ही पुसा, पुढून मागे, मी चादर धरते. आणि चादर धरून, तोंड फिरवून उभी राहिली. ज्यांचे हात चालतात त्यांच्यासाठी वॉर्डात हीच रीत होती. राहिलेलं मग तिने पुसलं. कूस बदलते हं आजी. माकडहाडावर टॉवेल न घासता नुसता टेकवला, उचलला, टेकवला.

सगळं झाल्यावर ती टब घेऊन मोरीत गेली. पाणी ओतलं, रुमाल धुऊन वाळत घातले, युनिफॉर्म काढून घरातले कपडे घातले आणि हात पुसत पुन्हा खोलीत आली. आई उशीला टेकून होती. धुतल्या चेहऱ्याची, धुतल्या गाऊनमधली. डोळ्यांत अगदी बारीक, खोडकर असं काही होतं.

“बयो, आलीस का गं? केव्हाची वाट बघतेय. चहा टाक.”

“आत्ताच आले,” ती म्हणाली.

चहा पिताना आईने तिला सांगितलं, की एक नवी नर्स येऊन गेली. बरी आहे. हात हलका आहे. तोंडाने जरा बडबडी आहे, पण चालेल.

असं ते सुरू झालं, आणि दोघींपैकी कुणीही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. रोज सिस्टर यायची, आजीचं अंग पुसायची, टब घेऊन जायची. मग लेक यायची आणि दोघी चहा प्यायच्या. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ती कपाटातला युनिफॉर्म काढून घालायची, घड्याळ टाचायची. एकदा घाईत घड्याळ राहिलं, तर आई म्हणाली, सिस्टर, आज वेळकाळ काही आहे की नाही तुम्हाला?

वॉर्डातल्या मावशीला तिने हे सांगितलं. मावशी चादरींच्या घड्या घालत होती, ती थांबली नाही. म्हणाली, इथंही टॉवेल आणि घरीही टॉवेल, तुमची पत्रिका धोब्याने लिहिली आहे. मग म्हणाली, पण युक्ती झकास आहे. माझ्या सासूला मी उद्या ‘आजी, चला’ म्हणून बघते. सून म्हणून तर ती मला तांब्याच फेकून मारते. दोन दिवसांनी मावशी येऊन म्हणाली, नाही चालली. तिने ओळखलं. तांब्या तो तांब्याच.

ती हसली. हसायला हवं होतं म्हणून हसली, आणि हसून झाल्यावर पुढच्या पलंगाकडे गेली.

नव्या सिस्टरशी आई खूप बोलायची. लेकीशी ती कधी एवढं बोलली नव्हती. लेकीशी बोलायचं म्हणजे गॅस बंद केलास का, कडी लावलीस का, एवढंच. सिस्टरपुढे मात्र तिचं तोंड सुटायचं, आणि विषय एकच, लेक. काय सांगू सिस्टर, भारी हट्टी. लहानपणी केस धुवायचे म्हटलं की पलंगाखाली जाऊन बसायची, पाय धरून ओढून काढावी लागायची. नाकावर माशी बसू देत नाही. लग्नाचा विषय काढला की आधीच घासलेली पातेली पुन्हा घासायला घ्यायची. घरातल्या पातेल्यांची बुडं गेली, पण तिचं काही जमलं नाही. बापावर गेली आहे. मुकी. मनात काय चाललंय याचा थांग लागू देत नाही.

सिस्टर पाठ पुसता पुसता म्हणायची, असेल हो आजी, एकेकाचा स्वभाव.

एका दिवशी केस धुतले. उशी काढून, मानेखाली प्लॅस्टिकचा कागद पसरून, त्याचं टोक बादलीत सोडून. आईने डोळे मिटले होते. तांब्यातलं पाणी कपाळाच्या कडेने मागे सोडलं तशी आई गुणगुणायला लागली. चाल ओवीची होती, आवाज अगदी पातळ, कापडातून गाळल्यासारखा.

ऊन ऊन पाणी, विसण घालू किती
लेकीच्या डोळां गं साबणाची भीती

मी पोरीला न्हाऊ घालताना हे म्हणायची, आई म्हणाली. तिला आवडायचं. रडत रडत पुढचं म्हण म्हणायची.

सिस्टरने आठवून पाहिलं. तिला ना ओवी आठवली, ना पाणी. पलंगाखालचा अंधार तेवढा आठवला, आणि पायाला धरून ओढणारा एक ओला हात. “पुढचं काय आहे, आजी?” तिने विचारलं. आईला पुढचं येईना. तिने दोनतीनदा ‘ऊन ऊन पाणी’ म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. केस टिपून झाले होते.

असंच एकदा, टाचा पुसताना, तिने विचारलं. बरेच दिवस विचारायचं होतं असं नव्हे. वॉर्डात पेशंटला बोलतं ठेवायला काहीबाही विचारतात, तसं तोंडातून आलं.

“आजी, तुमची लेक नर्सच आहे ना? मग तिला का नाही पुसू देत?”

आईची बोटं चादरीच्या काठावरून फिरत राहिली. मग ती म्हणाली, “सिस्टर, ती दिवसभर पेशंटच बघते. घरी आल्यावर तरी एक माणूस तिला पेशंट नसलेलं असावं की नको?”

सिस्टरने दुसरी टाच उचलली.

“माझं हे असलं अंग तिनं एकदा बघितलं की संपलं,” आई म्हणाली. “मग मी तिची आई कसली? एक पलंग, दुसरं काय. तुम्ही परक्या, तुम्हाला काय वाटायचंय. पण तिला सांगू नका हं हे.”

“नाही सांगत.”

हे ऐकून आपल्याला काहीतरी होईल, म्हणून ती टाच हातात धरून थांबली. छातीत कळ येईल, डोळे भरतील, निदान हात थरथरेल. काही झालं नाही. पाण्यावर साबणाची साय धरली आहे एवढंच तिला दिसलं. ती पाणी बदलायला उठली.

डाग मात्र मागे हटला. आधी लालाचा गुलाबी झाला, मग गुलाबीचा आसपासच्या कातडीसारखा. दाबल्यावर पांढरा पडायला लागला आणि बोट उचललं की पुन्हा रंग भरायला लागला. ज्या दिवशी तो तिला शोधावा लागला, त्या दिवशी तिने भावाला बोलावलं.

तो आला तेव्हा आत अंग पुसणं चाललं होतं. दार लोटलेलं होतं. त्याने बाहेरूनच हाक मारली. आतून आईचा आवाज आला, “सिस्टर, माझा मुलगा आलाय वाटतं. त्याला सांगा, भेटायची वेळ संपली.”

तो बाहेर उभ्या उभ्या हसला. नंतर बहिणीला बाजूला घेऊन म्हणाला, की हे काय नाटक लावलंय तुम्ही दोघींनी? तिने सांगितलं, की नाटक तर नाटक, पाठ बघ. त्याने काही पाठ पाहिली नाही, त्याची लाज आईपेक्षा मोठी होती. पण बहिणीच्या शब्दावर त्याने मान डोलवली. शुश्रूषागृहाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, “ताई, तू जिंकलीस बघ.”

त्यानंतर कधीतरी, नेमकं कधी ते तिला सांगता आलं नसतं, चहाच्या वेळी आई म्हणाली, सिस्टर, साखर कमी पडली. ती थट्टा समजून हसली. आई हसली नाही, कप पुढे करून वाट पाहत राहिली. तिने साखर घातली. आणखी एकदा आईने शेजारच्या काकूंना विचारलं, की त्या सिस्टरचं घर कुठंशी आहे हो, रोज एवढ्या लांबून येतात बिचाऱ्या. काकूंनी ते दारातच, खालच्या आवाजात तिला सांगितलं. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, वय आहे. गोळ्या लिहून दिल्या. वय आहे म्हणजे काय, हे ती स्वतःच रोज नातेवाइकांना वॉर्डात सांगत असे. उलटतपासणी करू नका, चुका काढू नका, त्या जिथं असतील तिथं तुम्ही जा, असंही सांगत असे. नातेवाईक मान डोलवत.

तरी एक दार उघडं राहिलं होतं. अंग पुसून झालं, टब गेला, कपडे बदलून ती पुन्हा आत आली की आई म्हणायची, बयो, आलीस का गं? कधी पटकन म्हणायची, कधी थोडं थांबून, चेहरा निरखून. म्हणून ती बाहेरूनच बोलत यायला लागली. आज उशीर झाला गं, म्हणायची. काकू भेटल्या होत्या, म्हणायची. काहीही म्हणायची, आवाज पुढे आणि आपण मागे, अंधारात कंदील धरून चालावं तसं. आणि आईच्या तोंडून ‘बयो’ निघालं की मगच गॅस पेटवायची.

भावाचा फोन आला की विचारायचा, आई कशी आहे? ती म्हणायची, कातडी छान आहे.

त्या दिवशी दुपार कलली होती. तिने टब आणून ठेवला तर आई आधीच अस्वस्थ होती, सारखी मान उचलून बाहेरचा कानोसा घेत होती. सिस्टर, आज जरा लवकर आवरा, म्हणाली.

का हो आजी, कुठं जायचंय, तिने विचारलं. मनगटावर पाणी पाहिलं. ठीक होतं.

“मी कुठं जातेय? पोरगी यायची झाली. शाळा सुटली असेल.”

रुमाल पाण्यात बुडला, वर आला. तिने तो पिळला. “कितवीत आहे?”

“तिसरीत. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण पाढे घडाघडा म्हणते.” आईच्या चेहऱ्यावर कौतुक पसरलं, मग पुन्हा काळजी. ती सिस्टरचं मनगट धरून जवळ ओढून म्हणाली, “तिनं मला असं उघडं बघू नये हो. लहान आहे, घाबरेल. ती यायच्या आत होईल ना?”

“होईल, आजी. ती यायच्या आत करू.”

तिने घाई केली नाही. घाईने अंग नीट निघत नाही. डोळे, आतल्या कोपऱ्याकडून बाहेर. कानामागची खाच. हात, काख, छातीखालच्या घड्या. पाणी बदललं. पाय, टाचा, बोटांच्या बेचक्या एकेक करून. पुन्हा पाणी बदललं. रुमाल हातात दिला तर आईला त्याचं काय करायचं ते सुचेना, म्हणून ते सगळं तिनेच पुसलं, आधी सांगून. कूस बदलते हं, आजी. पाठ निर्मळ होती. कुठे लाली नाही, ओरखडा नाही. एवढी स्वच्छ पाठ अख्ख्या वॉर्डात एकाही पेशंटची नव्हती. धुतलेला गाऊन चढवला, बटणं लावली, केस विंचरले, चादर गुळगुळीत ओढली. आई सारखी दाराकडे बघत होती. झालंच, झालंच, ती सांगत होती.

मोरीत तिने पाणी ओतलं. रुमाल धुतले, झटकले, वाळत घातले. युनिफॉर्म काढून खुंटीला अडकवला. घरातले कपडे घातले, तोंडावरून ओला हात फिरवला. मग बाहेरूनच, रोजच्यापेक्षा थोड्या मोठ्या आवाजात म्हणाली, “आई, आले गं.”

आणि आत गेली.

आईने पाहिलं. नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मग ती हसली. आपल्यासाठी राबणाऱ्या परक्या माणसाकडे बघून हसतात, तसं सौजन्याने.

“काय हो सिस्टर, काही राहिलं का?”

ती उभी होती तिथेच थांबली. पुन्हा बाहेर जाऊन पुन्हा आत यावं, असं एकदा मनात आलं. मग तेही गेलं.

“नाही, आजी,” ती म्हणाली. “काही नाही.”

ती पलंगाच्या कडेवर टेकली. आई किंचित अवघडली. बोलावं की नको असं तिचं झालं, आणि शेवटी समजुतीच्या सुरात म्हणाली, “राग मानू नका हं, पण तिथं नका बसू. पोरगी आल्या आल्या तिथंच येऊन बसते.”

ती उठली. बसल्याने चादरीला पडलेली चुणी तिने तळहाताने मोडली आणि पायथ्याशी जाऊन उभी राहिली. बाहेर रस्त्यावर शाळा सुटलेल्या पोरांचा गलका उठला, जवळ आला, दारावरून पुढे गेला. आईने मान उंच केली. दोघी दाराकडे बघत राहिल्या.